भावाचा डावा हात

माझा धाकटा भाऊ काय करायचा, हे आजवर मला एकाही नातेवाइकाला धड सांगता आलेलं नाही. "बेसबॉल खेळतो" म्हटलं की समोरचा आधी हसायचा आणि मग विचारायचा, "ते ठीक आहे गं, पण करतो काय?" तेच करतो, त्याचाच पगार मिळतो त्याला. "मग टीव्हीवर दिसतो का?" नाही दिसत. "मग क्रिकेट का नाही खेळला?" इथपर्यंत आलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. पण लग्नाच्या जेवणात हातात ताट घेऊन कुणाकुणाशी भांडणार? "हो ना, खेळायला हवं होतं," म्हणायचे आणि जिलबी वाढून घ्यायचे.

पिचर होता तो. पिचर म्हणजे बॉल टाकणारा. क्रिकेटमधल्या बोलरला निदान पळत यायची मुभा असते. पिचरने मातीच्या एका उंचवट्यावर उभं राहायचं आणि जागच्या जागी, अंग पिळून, कोपराला झटका देत बॉल सोडायचा. टप्पा वगैरे काही नाही, थेट समोर उकिडवा बसलेल्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये. त्याची पहिली कॅचर मी होते. पुण्यात आमच्या शाळेत मुलींना सॉफ्टबॉल होता आणि मी शाळेच्या टीमची कॅचर. माझ्या गुडघ्यांची आज जी काही वाट लागली आहे, ती त्या उकिडवं बसण्याने. घरी आल्यावर सोसायटीच्या मागच्या पार्किंगमध्ये हा मला बॉल टाकत बसायचा, अंधार पडून आईने गॅलरीतून हाक मारेपर्यंत.

आणि टाकायचा डाव्या हाताने. ही आमच्या घरातली मोठीच भानगड होती. जन्माचा डावखुरा, पण आईने त्याचं डावखुरं काहीएक चालू दिलं नाही. जेवायचं उजव्याने, लिहायचं उजव्याने, प्रसाद उजव्या हातात, दुकानदाराला पैसे उजव्या हाताने. पाटीवर डाव्या हातात पेन्सिल दिसली की आई हातावर चापट मारायची. ती दुष्ट होती असं कुणी समजू नये. "उद्या चार माणसांत नावं ठेवतील रे तुला," असं म्हणून ती स्वतःच रडवेली व्हायची. झालं असं, की शाळेत जायला लागला तोवर हा सगळ्या बाबतीत उजवा झाला. चहाचा कप उजव्या हातात, दात घासायचे उजव्याने, शर्टाची बटणंसुद्धा उजव्याने. डावा हात फक्त बॉल दिसला की बाहेर यायचा. गंमत म्हणजे या खेळात डावखुरा पिचर मिळायला लोक नवस करतात.

कॅचर नुसता बॉल झेलत नाही. पुढचा बॉल कुठला टाकायचा हे तो ठरवतो आणि मांड्यांच्या मध्ये, कुणाला दिसणार नाही असं, बोटांनी खुणावतो. एक बोट म्हणजे वेगवान. चार बोटं म्हणजे चेंजअप. चेंजअप म्हणजे हाताचा वेग तोच, आविर्भाव तोच, पण बॉल येतो रमतगमत. फलंदाज आधीच बॅट फिरवून बसतो आणि बावळटासारखा वळून बघतो. तो बॉल पंजात खोल धरावा लागतो, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या आधाराने त्याला लगाम घालावा लागतो. माझ्या भावाचा चेंजअप असला बेमालूम होता, की मला ठाऊक असूनही मी कधीकधी फसायचे. पिचरला खूण पटली नाही तर तो मान हलवून नाही म्हणू शकतो. माझ्या खुणेला त्याने कधी नाही म्हटलं नाही. मी दाखवायचे आणि तो टाकायचा.

कॉलेजात असताना एका शिबिरात परदेशी कोचने त्याला पाहिलं, आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा न देता हा गेला. आई कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिकडे मोठ्या लीगच्या खाली पायऱ्या असतात. तळातली पायरी म्हणजे लहान गावं, रात्रभराचे बसप्रवास, एका खोलीत चौघं, आणि आमचा हा शाकाहारी बापडा ब्रेडला पीनट बटर लावून दिवस काढणारा. सामना संपत आला आणि अमुक एक फलंदाज समोर आला, की याला बोलवायचे. दोन-तीन बॉलसाठी. बाकी वेळ कुंपणापाशी हात गरम ठेवून बसायचं. पुष्कळदा कुणी बोलवायचंच नाही. तरी फोनवर खूश असायचा. "ताई, आज एकाला असा चेंजअप टाकला ना, बिचारा गुडघ्यावरच बसला!" मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून हसायचे.

एका वर्षी त्याला वरच्या पायरीवर घेतलं. मोठं स्टेडियम, पाठीवर आमचं आडनाव लिहिलेला शर्ट. त्याचा फोटो आईने भाजीवाल्यापासून डेंटिस्टपर्यंत सगळ्यांना दाखवला. तोच एक सीझन. पुढच्या वर्षी कोपराचं ऑपरेशन झालं आणि त्याला सोडलं. त्या खेळात काढलं म्हणत नाहीत, सोडलं म्हणतात. मग दुसऱ्या देशातली टीम. तिने सोडलं. मग आणखी एक. तिशी उलटली, लग्नाचं कुणी विचारेनासं झालं, आणि फोनवर तो बॉलबद्दल कमी आणि आईच्या गुडघ्यांबद्दल जास्त बोलायला लागला.

मी सिंगापूरला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम बघते. बुकित बातोकला भाड्याचा एचडीबी, म्हणजे सरकारी वसाहतीतला, फ्लॅट, नवरा, मुलगी, आणि तेव्हा आईही आमच्याकडे राहायला आली होती. तिथे हा एक दिवस स्वतःपेक्षा लांब बॅग घेऊन भेटीच्या व्हिसावर येऊन थडकला. जुन्या टीममधल्या मित्राने शब्द टाकला होता. पूर्वेकडच्या एका देशातल्या छोट्या लीगचा माणूस दुसऱ्या कामासाठी सिंगापूरला येणार होता आणि एका रविवारी सकाळी याचे बॉल बघायला तयार होता. आवडलं तर एक सीझन. नाही आवडलं तर संपलं, कारण या वयाच्या, एकदा कोपर कापलेल्या पिचरला पुन्हा कोणी बघायला येत नाही. हे त्यानेच मला पहिल्या संध्याकाळी सांगितलं, खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवर उसाचा रस पिता पिता. "मग काय करशील?" मी विचारलं. "ते मला विचारू नकोस गं," म्हणाला.

जवळच्या चोआ चू कांग भागात एका मैदानावर हौशी लोकांचा क्लब रविवारी खेळतो. त्यांनी याला सराव करू दिला, पण त्यांचा कॅचर दुसऱ्याच दिवशी सुजलेला तळवा दाखवून मागे सरला. मग राहिलं कोण? मी. चाळिशी ओलांडलेली, बीपीची गोळी खाणारी बाई. मी मास्क, छातीचं कवच, पायाचं कवच असं सगळं चढवलं तेव्हा माझी लेक सिंगापुरी हेल काढून म्हणाली, "मम्मा, यू लुक लाइक अ टर्टल, लाह." मामाभाची हसून हसून लोळायची बाकी होती. मी दोघांनाही शिव्या घातल्या आणि उकिडवी बसले.

खरं सांगते, त्या दिवसांत मी खूप सुखात होते. ऑफिसातून आलं की बूट बदलायचे आणि मैदान गाठायचं. त्याचा वेगवान बॉल अजून सूं करत यायचा आणि ग्लव्हमध्ये बसला की माझ्या खांद्यापर्यंत झिणझिण्या यायच्या. फक्त एक गोष्ट होती. मी चार बोटं दाखवली की तो मान हलवायचा. पहिल्यांदा मला वाटलं, दिसलं नसेल. पुन्हा दाखवली. पुन्हा मान हलवली. "इथल्या दमट हवेत ग्रिप बसत नाही, ताई. त्या दिवशी टाकीन." इथे डब्यातला पापडसुद्धा सादळतो, त्यामुळे मला ते पटलं.

तो रविवार यायला आठवडा होता तेव्हाची गोष्ट. दुपारी सगळे टेबलाशी जेवत होतो. आईने आमटीचं स्टीलचं पातेलं गॅसवरून उचलून तसंच टेबलावर आणून ठेवलं. मुलगी म्हणाली, "मामा, पास द आमटी." भावाचा उजवा हात खरकटा. त्याने डाव्या हाताने पातेलं तिच्याकडे सरकवलं आणि हाताची करंगळीकडची कड तशीच पातेल्याला टेकवून तिला कुठल्याशा बसप्रवासाची गोष्ट सांगत बसला. ड्रायव्हर वाट चुकतो आणि टीम एका लग्नात जेवून येते, अशी काहीतरी. आम्ही हसत होतो. एवढ्यात आई किंचाळली, "अरे मेल्या, हात! भाजतोय हात!" त्याने आईकडे बघितलं, मग हाताकडे, मग हात उचलला. सगळ्यात शेवटी चेहरा वेडावाकडा केला. आधी हात उचलला आणि मग तोंड वाकडं केलं. ते मी पाहिलं आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला.

"पिचरची कातडी असते जाड," म्हणाला. आई बर्फ आणायला धावली. मी त्याला दंडाला धरून स्वयंपाकघराच्या मागच्या कपडे वाळत घालायच्या जागेत नेलं आणि भाजली नव्हती त्या बाजूने त्याच्या करंगळीला जोरात चिमटा काढला. नख रुतेपर्यंत. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"कधीपासून?"

"मागच्या सीझनपासून."

"म्हणून सोडलं का तुला त्यांनी?"

"त्यांना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. चेंजअप हातातून निसटायला लागला म्हणून सोडलं." मग हळूच म्हणाला, "दोनच बोटं गं. जोर लावून टाकल्यावर थोडा वेळ सगळा पंजाच झोपतो. पण परत येतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस एका घरात राहतोय, एका टेबलाशी जेवतोय, आणि आमच्यापैकी एकालाही कळू नये? पण कळणार कसं? हा जेवणार उजव्याने, सही करणार उजव्याने, मोबाइल उजव्या हातात. दुसऱ्या कुणा डावखुऱ्याचा चमचा गळून पडला असता, अक्षर बिघडलं असतं, बायकामाणसांच्या नजरेत आलं असतं. आम्ही त्याचा डावा हात घरातल्या प्रत्येक कामातून हद्दपार केला होता. तो बिघडला तरी घराला पत्ता लागायचं कारणच नव्हतं. बर्फ घेऊन आलेली आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार. त्याचा डावा हात दोन्ही हातांत घेऊन त्यावर बर्फ फिरवत बसली, वितळून संपेपर्यंत.

जवळच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरने मलम दिलं, कोपरापाशी नस दबली असावी म्हणाला, मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं आणि तोवर बॉल टाकू नका असं बजावलं. मोठ्या डॉक्टरची वेळ मिळाली रविवारच्या नंतरची. मी घरी येऊन सांगून टाकलं, "रविवार रद्द. फोन कर त्या माणसाला."

तो चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं, भांडण मला येतं. खाली ब्लॉकच्या बाकावर बसून तो मला समजावत राहिला. "ताई, हे सगळं मी एकट्याने केलं. आईचं ऐकलं नाही, डिग्री घेतली नाही, लग्न केलं नाही. आता घरी बसून मीच स्वतःला नाही म्हणायचं? जन्मभर वाटत राहील की कदाचित जमलं असतं. कुणीतरी दुसऱ्याने नाही म्हणू दे. माझ्या तोंडावर म्हणू दे. एक सकाळ दे मला."

"आणि उरलासुरला हात गेला तर?"

"तू असशील ना समोर. तू म्हणशील तेव्हा थांबेन. तुझी शपथ."

माझ्या मनात नव्हतं. पण मी खेळलेय तो खेळ. मैदानावरून कुणी न सांगता परत यायचं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मी हो म्हटलं आणि त्या रात्री नवऱ्यावर उगाचच डाफरले. रविवारी निघताना आईने मीठमोहरीने त्याची दृष्ट काढली. आधी डोक्यावरून, आणि मग नुसती डाव्या हातावरून, खांद्यापासून बोटांपर्यंत, पुटपुटत. मी बूट बांधायच्या निमित्ताने खाली बघत राहिले.

तो माणूस वेळेवर आला होता. पन्नाशीचा, मितभाषी, डोक्यावर टोपी, हातात वेग मोजायचं यंत्र. याच्याशी हात मिळवला, मला वाकून नमस्कार केला आणि माझ्या मागे जाळीपलीकडे घडीच्या खुर्चीवर बसला. पहाटे पाऊस होऊन गेला होता, गवतातून वाफ निघत होती. मी एक बोट दाखवलं.

काय टाकले त्याने पहिले बॉल! पार्किंगमधला तोच पोरगा. पाय उचलायचा, अंग वळायचं, आणि बॉल माझ्या ग्लव्हमध्ये येऊन असा वाजायचा की पलीकडच्या झाडावरच्या मैना उडाल्या. माझ्या मागे तो माणूस दर बॉलला "गुड" म्हणत होता. एकदा तर "व्हेरी गुड" म्हणाला. मास्कच्या आत माझे डोळे भरून आले. मला वाटलं, देवा, होऊन जाऊ दे. दोन बोटं गेली तर गेली. होऊन जाऊ दे याचं.

मग तो माणूस म्हणाला, "नाऊ, चेंजअप प्लीज."

मी चार बोटं दाखवली. भावाने या वेळी मान हलवली नाही. बॉल त्याच्या हातातून सुटला तो माझ्या डोक्यावरून, जाळीच्याही वरून पलीकडे गेला. तो "सॉरी" म्हणाला आणि शेजारच्या बादलीतून दुसरा घेतला. तो बॉल अर्ध्या वाटेत जमिनीवर आपटला. "टेक युअर टाइम," मागून आवाज आला, अगदी मायेने. भावाने हात पँटला पुसला, बोटं उघडमीट केली, उजव्या हाताने धरून ती बॉलभोवती एकेक बसवली. पिचर टाकण्याआधी हातातल्या बॉलकडे बघत नाही. हा बघत होता, नीट बसलाय ना म्हणून. तो बॉल माझ्या डाव्या बाजूने कुठेतरी भरकटला. मी हातसुद्धा पुढे केला नाही. मागे खुर्ची करकरली. मी वळून पाहिलं, त्या माणसाने यंत्र बंद करून मांडीवर ठेवलं होतं. भावाने बादलीत हात घालून आणखी एक बॉल उचलला.

मी उठले. गुडघे कटकन वाजले. मास्क डोक्यावर सरकवून मी चालत त्याच्याकडे गेले. या खेळात एक रीत आहे. पिचरचं काम संपलं की कोच चालत उंचवट्यापर्यंत जातो आणि तळवा पुढे करतो. पिचरने बॉल त्याच्या हातात ठेवायचा. फेकायचा नाही, वाद घालायचा नाही. तिथे कोच कुणी नव्हता. मी तळवा पुढे केला.

"एकच, ताई. अजून एकच."

"नाही."

"ताई, प्लीज गं."

"मी म्हणेन तेव्हा थांबायचं ठरलं होतं. मी म्हणतेय," मी म्हटलं. मला त्याला दोन थोबाडीत ठेवून द्याव्यात असंही वाटत होतं आणि उचलून कडेवर घ्यावं असंही.

त्याने माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. तो माणूस उभा राहिला होता आणि त्याने टोपी काढून हातात घेतली होती. भावाने तोंड फिरवलं, कुंपणापलीकडच्या ब्लॉक्सकडे, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांकडे, आणि तिकडेच बघत डावा हात माझ्यापुढे केला. बोटं बॉलभोवती आवळून बसली होती. मी करंगळी सोडवली, मग तिच्या शेजारचं बोट, मग बाकीची, आणि बॉल काढून घेतला. त्याचा हात तसाच पुढे राहिला, बोटं अर्धवट वळलेली, आत काही नाही.

"घे ना गं, ताई," कुंपणाकडे बघतच तो म्हणाला. "घे आता."

बॉल केव्हाचा माझ्या हातात होता.